फ्यूल पंप बदलण्याआधी रिले बदलून बघा

मे महिन्याची दुपार. बीडहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला आणि गाडीने दोन झटके खाऊन मान टाकली. सेल्फ फिरतोय, पण इंजिन धरत नाही. आठच दिवसांपूर्वी नवा फ्यूल पंप टाकलेला, हजारोंचं बिल अजून पाकिटात. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीतला एक रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) उपटला आणि त्या जागी हॉर्नचा रिले दाबून बसवला. गाडी चालू! "पंपाला काही झालंच नव्हतं सर, रिले तापला की सोडून देतोय." पाचोड, आडूळ करत घरापर्यंत हॉर्नशिवाय आलो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी बंद पडली की चावी नुसती ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, आणि मागच्या सीटकडे कान लावायचा. टाकीतून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज आला तर पंपाची मोटर फिरते आहे. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले बघा. रिले त्याच नंबरचा असेल तरच अदलाबदल करा. तेवढ्यानेही आवाज आला नाही तर पंपाचं कनेक्टर काढा आणि चावी ऑन करताना मल्टिमीटर लावा. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसूनही पंप गप्प असेल तर पंप गेला समजा. व्होल्टेज नसेल किंवा फारच कमी असेल तर वायर, अर्थिंग किंवा काळं पडलेलं कनेक्टर दोषी. मोटर मरायला टेकली असेल तर कोणी सेल्फ मारत असताना टाकीला खालून रबरी हातोडीने हलकंसं ठोकलं की ती कधी कधी जागी होते. ही युक्ती घर गाठण्यापुरतीच.

आवाज येतो, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही, असं असेल तर गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावून घ्या. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. दाब कमी भरला तर पंपाआधी फिल्टर आणि पंपाच्या तळाची जाळी बघा. डिझेलच्या कॉमन रेल गाडीला मात्र यातलं काही लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, घरी हात घालायचं कामच नाही.

पंप लवकर का जातो? टाकीत बुडालेल्या मोटरला थंड ठेवतं ते पेट्रोलच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात काटा कायम रिझर्व्हवर, म्हणजे मोटर उघडी पडून तापते. पाव टाकीखाली जाऊ देऊ नका. पंप जपायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. (जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनवर असायचा. उन्हात पेट्रोलची वाफ झाली की त्यावर ओलं फडकं टाकून लोक लिंबाखाली बसायचे.) आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच लातूर-धाराशिवकडच्या उसाचं असेल, पण ते पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पत्र्याची टाकी आतून गंजते आणि तो गंज जाळीत जाऊन बसतो.

बदलायचाच ठरला तर टाकी जवळजवळ रिकामी असताना, मोकळ्या हवेत काम काढा. बिडी-सिगारेट, देवाजवळचा दिवा, चालू कूलर, काहीही जवळ नको. अग्निशामक हाताशी हवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली गोल झाकण असतं. काहींत टाकीच उतरावी लागते, ते काम गॅरेजवर सोडा.

झाकण काढलं की घाई करू नका. टाकीच्या डोक्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ बोटभर साचलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, ब्रशने कोपरे काढा. पंप उचलताना ती आत पडली तर नव्या जाळीचं आयुष्य त्याच दिवशी निम्मं होतं. कनेक्टर काढा, पाइपाभोवती चिंधी गुंडाळून क्लिप दाबा. थोडं पेट्रोल उडेलच. पंप टाकीला धरून ठेवणारी रिंग सोडवायला लोखंडी छिनी-हातोडी नको, एक ठिणगी पुरे होते. लाकडी ठोकळा किंवा पितळी पट्टी वापरा. पंपाच्या डोक्यावरचा बाण कुठे होता त्याचा फोटो आधीच काढलेला बरा. पण फोन टाकी उघडण्याआधी लांब ठेवा.

पंप तिरका करून हळूच बाहेर घ्या. पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची दांडी वाकली तर काटा आयुष्यभर खोटं सांगेल. रबरी ओ-रिंग नवीच टाका. जुनी फुगलेली असते, परत नीट बसत नाही. तिला पेट्रोलचं बोट लावून बसवा, बाण जुळवा, रिंग आवळा, पाइप टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा. फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. दाब भरतो. मग सेल्फ मारा आणि इंजिन चालू असताना टाकीच्या तोंडाशी ओल दिसते का, ते टॉर्चने बघा.

झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गावात फिरून आलात की सीट पुन्हा एकदा उचला आणि नाक खाली नेऊन वास घ्या. वास आला तर ओ-रिंग चिमटली आहे, परत उघडा.