घरच्या दिवसांना संध्याकाळ कशी मिळाली

माझे घर ठाण्यात नौपाड्यात आणि ऑफिस घणसोलीला. आठवड्यातले तीन दिवस तिकडे जायचे आणि दोन दिवस घरून काम करायचे, ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा मला ती सोयीचीच वाटली होती. पण काही महिन्यांतच माझ्या लक्षात आले की झोप उडते ती नेमकी घरच्या दिवसांनंतर. जेवणाच्या टेबलावर पोळ्यांच्या डब्याशेजारी लॅपटॉप उघडाच असे आणि रात्री अकरालाही मी 'एवढा एक मेल' पाहत बसे.

ऑफिसच्या दिवशी हे का होत नाही, याचा विचार करताना उत्तर ट्रान्स हार्बरच्या गाडीत सापडले. घणसोलीहून रबाळे, ऐरोली, दिघा गाव करीत ठाण्याला उतरेपर्यंत डोक्यातले काम आपोआप मागे पडत असे. (गर्दीचे उपकार मानावे लागतील, असे कधी वाटले नव्हते.)

म्हणून आता घरच्या दिवशीही साडेसहाला मी लॅपटॉप चार्जरसकट बॅगेत घालतो, बॅग कपाटात ठेवतो आणि मासुंदा तलावाला एक फेरी मारून येतो. साडेसहानंतर तातडीचे असेल तर फोन करा, असे साहेबांना स्पष्ट सांगितले. आजवर दोनच फोन आले.

तरीही मधली एक रात्र फार अस्वस्थ गेली, तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतूनच बोललो. ही सरकारी सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे. फोन करायला मी उगाचच संकोचलो होतो.