सेंद्रिय शेतावर राहून काम करायला येताय? मग या चुका टाळा

आमचं शेत सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात. आलं, थोडा ऊस, घरापुरता भाजीपाला आणि दोन देशी गाई. गेली काही वर्षं पुण्या-मुंबईची पोरंपोरी आमच्याकडे आठ-पंधरा दिवस राहून काम करतात, राहणं-जेवण आमचं, काम त्यांचं, पैसे कुणी कुणाला देत नाही. ही पद्धत आमची नाही हो, १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या स्यू कॉपर्ड बाईंनी शनिवार-रविवार शेतावर जाऊन राबायचं म्हणून सुरू केली आणि त्यातनंच पुढं वूफ (WWOOF), म्हणजे सेंद्रिय शेतं आणि असे पाहुणे यांची गाठ घालून देणारी जगभरची संस्था, झालं.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "आपण शेतकऱ्याला मदत करायला चाललोय". खरं सांगू का, पहिले चार दिवस मदत आम्हीच करत असतो. एकदा एक आयटीवाला भाऊ आला, उत्साह जबरदस्त. आल्याचे कोंब नुकते वर आले होते आणि मधे लव्हाळा नावाचं तण माजलेलं. आल्याचा कोंब सुरुवातीला अगदी गवतासारखाच दिसतो. भावानं अर्ध्या तासात गादीवाफा (आल्यासाठी केलेला मातीचा उंच वाफा) चकाचक केला, वर फोटो पण काढला. आई जाऊन बघते तर लव्हाळा नुसता वरनं तोडलेला, गाठी मातीत तशाच, आणि आल्याचे कोंब उपटून बांधावर नीट रचून ठेवलेले. आई एवढंच म्हणाली, "आरं बाळा, तण ठिवलंस आन पीक काढलंस की."

त्यामुळं भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, बसण्याआधी पान चोळून वास घ्या, आलं असेल तर लगेच कळतं. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली की तीनधारी लागते. तो गाठीसकट काढायचा, नाहीतर आठवड्यात परत उभा. पण कोंबाच्या जवळ खुरपं खोल घालायचं नाही, कंदाला लागलं की कंदकूज शिरायला वाट मिळते. आणि शंका आली की हाक मारा, विचारल्यानं कुणी हसत नाही (हसतात, पण प्रेमानं).

दुसरं, "सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही". असते की! निंबोळी अर्क, दशपर्णी (झाडपाल्याचा अर्क), ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी मारणारी मित्रबुरशी), आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रणसुद्धा मर्यादेत चालतं. आणि घरी बनवलंय म्हणजे निरुपद्रवी असं तर अजिबात नाही. एकजण अग्निअस्त्रासाठी (किडीवरचं घरगुती फवारणीचं औषध) हिरव्या मिरच्या ठेचत होता, त्यात तंबाखू पण असतो, आणि घाम आला म्हणून त्याच हातानं डोळा पुसला. पुढचा तासभर तो हौदाशेजारी. हातमोजे, चष्मा, तोंडाला रुमाल, वारा पाठीवर घ्यायचा, हे सगळं इथंपण लागतं.

जीवामृताचं, म्हणजे जमिनीत जिवाणू वाढवायला घालायच्या आंबवलेल्या पाण्याचं, तर विचारूच नका. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे एका एकराचं माप. सावलीत ठेवायचं, दिवसातनं दोनदा काठीनं ढवळायचं, साधारण दोन दिवसांत तयार. एका ताईंनी माश्या बसतात म्हणून बॅरलचं झाकण आवळून लावलं. आत आंबताना गॅस होतो, दुसऱ्या दिवशी काकांनी झाकण सैल केलं आणि बनियन कायमचं गेलं. गोणपाट टाकायचं, बस. आणि क्लोरिनचं नळाचं पाणी वापरू नका, ज्या जिवाणूंसाठी एवढा खटाटोप तेच मरतात, विहिरीचं घ्या.

वेळेचं पण तसंच. चार-पाच तास काम ठरलेलं असतं, पण ते दहा ते तीन असं नसतं. सकाळी सहाला सुरुवात, उन्हात विश्रांती, परत चारला. आणि विहिरीच्या मोटारीच्या लाईटची पाळी रात्रीची असली तर उसात दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतनं दुसरीत वळवायला, रात्रीच जायचं. सक्ती नाही, पण एकदा या, बॅटरीच्या उजेडात सरीतनं पाणी सरकताना बघायची मजा वेगळीच.

हाफ पँट, स्लीपर घालून उसात शिरू नका. पात्यांनी पाय कापतात ते सोडा, पाचटात (उसाच्या वाळक्या पाल्यात) घोणस असते आणि ती दिसत नाही. गमबूट, फुलपँट, अंधारात बॅटरी. चावलंच तर पट्टी आवळणं, चिरा मारणं असलं काही नाही, हालचाल न करता सरळ दवाखाना.

आता आमच्या बाजूची चूक पण सांगतो, कारण सगळं पोरांवर ढकलणं बरं नव्हे. काही शेतकरी यांना फुकटचा गडी समजतात. मजूर मिळत नाही म्हणून ऊसतोडीला किंवा दिवसभर पोती उचलायला यांना लावायचं, हे चुकीचंच. तसं होत असेल तर दुसऱ्याच दिवशी स्पष्ट बोला, पटलं नाही तर पिशवी उचला. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे ठेवत जा.

सेंद्रिय सर्टिफिकेटबद्दल येताक्षणी उलटतपासणी नको. प्रमाणपत्राला हंगामी पिकांना दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिकवरनं सेंद्रियवर यायचा, काळ जावा लागतो, त्यामुळं मधल्या अवस्थेतली शेतं भरपूर आहेत. "तुम्ही काय वापरता" असं विचारा, गोठ्यापासून सगळं दाखवतील.

निघण्याआधी फोन करून विचारा: काम किती तास, कोणतं, सुट्टी कधी, संडास-बाथरूम कसं, मुलींसाठी वेगळी खोली आहे का, रेंज येते का. कोणत्या महिन्यात यायचं हे पण शेतकऱ्यालाच ठरवू द्या. आमच्याकडे आल्याची लागण एप्रिल-मेच्या उन्हात असते, सांगलीकडं हळद काढायची-शिजवायची धांदल फेब्रुवारी-मार्चला, आणि जुलैत फोटो भारी येतात पण कामाचे निम्मे दिवस पाऊस बघण्यात जातात. परदेशी मित्राला घेऊन येणार असाल तर ते आधी सांगा, त्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद (पूर्वीचा सी फॉर्म) आम्हाला चोवीस तासांत ऑनलाईन करावी लागते आणि आमच्याकडचं नेट पावसात बसतं.