सार्वजनिक आरोग्यात यायचंय? मग आधी हे गणित सोडवा

"एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू का?" या प्रश्नानेच बहुतेकांचं माझ्याशी बोलणं सुरू होतं. मी मूळची परिचारिका. पुढे साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कुणाला, कुठे आणि का होतात याचं शास्त्र शिकले, आता नव्यांना तेच शिकवते आणि भरतीच्या मुलाखतींनाही बसते. पदवीचं नंतर बघू. रोज उठून कोणतं काम करायला आवडेल, हे आधी ठरवा. ते ओळखायला मी एक गणित घालते.

समजा, एक आजार शंभरात एकाला आहे. तो ओळखणारी चाचणी आजारी असलेल्या शंभरांपैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि निरोगी शंभरांपैकी ९० जणांना बरोबर निरोगी ठरवते. चांगली वाटते ना? आता ती १००० जणांवर करा. आजारी १०, त्यातले ९ सापडले. निरोगी ९९०, पण त्यातल्या ९९ जणांवर उगाच शिक्का बसला. एकूण पॉझिटिव्ह १०८ आणि खरे आजारी फक्त ९, म्हणजे शेकडा आठच्या आसपास. "सगळ्यांचीच तपासणी करून टाकू" असं कोणी उत्साहाने म्हणालं की मला हे ९९ जण आठवतात. त्यांची झोप उडते, पुढच्या तपासण्या मागे लागतात, आणि त्या तपासण्यांचाही कधीकधी त्रास होतो. अशी सरसकट चाचणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवले. आजार सापडल्यावर त्यावर मान्य उपचार आहे का, हा त्यातला एक. सगळे मिळून दहाच आहेत, वाचून काढा.

आता गणित वाचताना तुमचं मन कुठे अडकलं ते बघा. आजाराचं प्रमाण शंभरात दहा असतं तर काय झालं असतं, असा हिशेब लगेच करावासा वाटला तर साथरोगशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र तुमचं. (करून बघाच. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी एकदम निम्मे खरे आजारी निघतात.) त्या ९९ जणांना ही बातमी सांगायची कशी, असं वाटलं तर आरोग्यशिक्षण आणि वर्तनशास्त्र. या सगळ्याचा खर्च कोण उचलणार, असं वाटलं तर आरोग्य धोरण आणि अर्थशास्त्र. पाण्यात, हवेत की कारखान्यात काय होतं म्हणून ते १० जण आजारी पडले, असं वाटलं तर पर्यावरण आरोग्य किंवा व्यावसायिक (कामाच्या ठिकाणचं) आरोग्य. माणूस समोर बसलेला हवा आणि त्याचा आजार टाळायचा असेल तर प्रतिबंधक वैद्यक. त्यासाठी मात्र आधी डॉक्टर व्हावं लागतं.

बाकी वाटांना वैद्यकीय पदवीची अट सहसा नसते. एमपीएचच्या वर्गात परिचारिका, अभियंते, पशुवैद्य, समाजशास्त्राचे पदवीधर असे सगळे भेटतात. तो एक-दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. संशोधनच करायचं असेल तर एमएस्सी आणि मग पीएचडी. यंत्रणा चालवायची असेल तर काही वर्षं नोकरी करून डीआरपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली व्यावसायिक डॉक्टरेट.

अभ्यासक्रम निवडताना संस्थेची इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि माजी विद्यार्थ्यांना गाठा. कच्ची, चुकांनी भरलेली माहिती स्वतः साफ करायला मिळाली का? प्रत्यक्ष क्षेत्रात किती काळ काम केलं, की नुसतीच भेट देऊन आलात? आता नोकरी कुठे करता? क्षेत्रकाम नसलेला अभ्यासक्रम मी तरी कुणाला सुचवत नाही. साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस, म्हणजे साथींचा जागेवर जाऊन शोध घेणारी सेवा सुरू केली. तिच्या बोधचिन्हात पायपिटीने भोक पडलेला बुटाचा तळवा आहे. त्याच धर्तीवरचे क्षेत्रीय साथरोग प्रशिक्षणाचे कार्यक्रम आज अनेक देशांत चालतात. प्रगत पातळीचं प्रशिक्षण साधारण दोन वर्षांचं असतं आणि शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामातच जातो. तिथे जागा मिळत असेल तर दुसऱ्या पदवीचा विचार पुढे ढकला.

मुलाखतीत मी उमेदवारापुढे एक लाइन लिस्ट ठेवते. एका ओळीत एक रुग्ण. रकान्यांत वय, लिंग, राहण्याचं ठिकाण, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख. साथीचा आलेख, म्हणजे कोणत्या तारखेला किती रुग्ण, तो कागदावर काढायला सांगते. निम्मा निकाल तिथेच लागतो, कारण बरेच जण दाखल झाल्याची तारीख धरतात. लोक सोयीने दवाखान्यात येतात, त्यामुळे त्या तारखेवरून संसर्ग कधी झाला याचा माग नीट लागत नाही. लक्षणांची तारीखच धरायची. आणि त्याआधी रुग्ण कुणाला म्हणायचं, ती रुग्णव्याख्या एका वाक्यात लिहायची. हे हाताने जमलं की मग आर ही मोफत संगणकीय भाषा शिका.

नोकऱ्या सरकारी आरोग्य विभागांत असतातच. शिवाय रुग्णालयांचे संसर्ग नियंत्रण कक्ष, लस बनवणाऱ्या कंपन्या, स्वयंसेवी संस्था, विमा क्षेत्र, मोठे कारखाने इथेही असतात. बरीच पदं प्रकल्पापुरती असतात, म्हणून पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा: निधी कधीपर्यंत आहे? त्यात संकोच कसला? कौतुकाची अपेक्षा मात्र कमी ठेवा. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल आभार मानायला कोण येणार?

अर्जासोबत प्रमाणपत्रांची चवड जोडण्यापेक्षा दोन पानांचा अहवाल जोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्लोबल हेल्थ ऑब्झर्व्हेटरीवर देशोदेशीची माहिती मोफत मिळते. एक प्रश्न, एक आलेख आणि या माहितीवरून काय सांगता येत नाही याचा एक परिच्छेद, एवढं पुरे. प्रत्येक टक्केवारीखाली छेदात कोण धरलेत ते लिहा: सगळी लोकसंख्या, फक्त तपासलेले, की फक्त दाखल झालेले. अर्ज हातात आला की मी आधी तेच शोधते.