मे महिना काढणारी बाग: एका कूलरवाल्याच्या युक्त्या

डिसेंबरात नागपुरात कोणाचीही बाग फुलते. शेवंती, झेंडू, टमाटर, पालक, काहीही लावा, येतं. खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि हिवाळ्यात हौसेनं आणलेल्या कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उरतात.

मी मानेवाड्याला कूलर दुरुस्तीचं काम करतो. मार्च ते जून माझा धंद्याचा हंगाम. सकाळी निघालो की रात्रीच घरी. म्हणजे झाडांना माणूस लागतो नेमका तेव्हाच मी गच्चीवर नसतो. म्हणून माझ्या बागेची सगळी मांडणी मे डोक्यात ठेवून केलेली आहे. मे काढण्याची तयारी फेब्रुवारीतच उरकायची, आणि जे झाड मे काढत नाही ते मार्चनंतर ठेवायचंच नाही.

माती आणि जागा

आपल्या इकडची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र ती वैरी होते. पाणी पडलं की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या काठापासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं, मधलं ढेकूळ कोरडंच राहतं, आणि आपण म्हणतो, रोज पाणी घालून राहिलो तरी झाड का सुकते! माझं प्रमाण साधं आहे: एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती (कन्हानची जाड मिळाली तर उत्तम) आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, थांबा.

कुंडी स्लॅबवर टेकवू नका. खाली दोन विटा ठेवल्या की हवा खेळते आणि तापलेल्या स्लॅबची धग मुळांपर्यंत पोचत नाही. काळ्या नर्सरीच्या पिशवीत तर झाड ठेवूच नये, भर उन्हात आतली माती चटका लागेल इतकी तापते. कुंड्या एकमेकींना चिकटवून, मोठ्या पश्चिमेला आणि लहान आत, अशा लावा. मोठ्यांची सावली लहानांना मिळते.

वर हिरवी जाळी, ५० टक्के सावलीची, शेतीसाहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. डोक्यावर एक पदर आणि पश्चिमेला एक उभा पदर. पश्चिमेचाच लोक विसरतात आणि दुपारी तीननंतर झाडं तिथूनच भाजतात. एक बाजू पक्की बांधा, समोरची ओढली की सुटेल अशी सरकगाठ मारा. मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटतं तेव्हा पूर्ण पक्की बांधलेली जाळी बांबूंसकट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते.

पाणी

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि संध्याकाळीही निवत नाही. ते पाइपनं सरळ कुंडीत सोडणं म्हणजे मुळं उकडणं. रात्री दोन-तीन बादल्या भरून ठेवा, पहाटे तेच पाणी घाला. एवढ्या एका सवयीनं निम्मी झाडं वाचतात.

पण पहाटेचं पाणी लहान कुंडीला दिवसभर पुरत नाही. त्यासाठी मातीचं मडकं पुरायचं. संक्रांतीची सुगडी घरात पडून असतात ना, तीच घ्या. अक्षय तृतीयेला घागर आणता, ती नंतर मोठ्या ड्रमसाठी कामी येते. फक्त रंग दिलेलं सुगडं नको, ऑइल पेंटनं छिद्रं बुजतात. आधी सुगड्यात पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओलसर झालं तर कामाचं. बाराइंची कुंडीत काठाजवळ ते गळ्यापर्यंत पुरा, तोंड मातीच्या वर बोटभर राहू द्या, पाणी भरा आणि वर पणती पालथी घाला. पणती विसरू नका, नाहीतर त्यात डास अंडी घालतील.

भोवतीची माती कोरडी झाली की मडक्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं, माती ओली असली की झिरपणं मंदावतं. त्यामुळे झाडाला लागेल तेवढंच मिळतं आणि वरची माती कोरडी राहते म्हणून तण कमी. मात्र लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस वरूनही पाणी द्या, मुळं मडक्यापर्यंत जायला वेळ लागतो. टमाटर, वांगं, मिरची यांना हे फार मानवतं. मिरची लावायचीच तर आपल्या जिल्ह्याची भिवापुरी लावा, भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि वाळवून वर्षभर ठेवता येते.

घरातला जुना माठ पुरू का, असं बरेच जण विचारतात. माठ जुना झाला म्हणजे काय झालं? पाण्यातले क्षार छिद्रांत बसले, झिरपणं थांबलं, म्हणून पाणी गार होईना. तो मातीत पुरला तरी झिरपणार नाहीच. फोडा आणि खापऱ्या कुंडीच्या भोकांवर ठेवायला वापरा.

कूलरचं पाणी, कूलरचं सामान

गिऱ्हाइकाकडे गेलो की एखाद्या काकू विचारतातच, "भाऊ, टाकीतलं पाणी झाडाले टाकू का?"

कूलर चालतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. तुम्ही वरून पुन्हा नळाचं पाणी भरता, त्यातले क्षार त्यात जमा होतात. म्हणजे जितके दिवस टाकी रिकामी केली नाही तितकं पाणी खारट. हे पाणी कुंडीत गेलं की मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांच्या कडा करपतात. लिंबाच्या झाडाला तर ते अजिबात नको, लिंबूवर्गाला क्षार सोसत नाहीत. आठवड्याला टाकी रिकामी करून कोरडी करायचीच असते, डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. ते पाणी अंगणातल्या कडुनिंबाला, कण्हेरीला, बोगनवेलीला घाला, तेही खसाचं सेंट किंवा फिनाईल टाकलेलं नसेल तर. आरओ मशीनच्या सांडपाण्याचंही असंच. एसीतून ठिबकतं ते पाणी मात्र बिनधास्त घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

सामानात पहिलं म्हणजे जुन्या ताट्या, कूलरच्या बाजूंना गवत भरून बसवतात त्या. मार्चमध्ये ताट्या बदलल्या की लाकडाच्या भुशाचं ते गवत लोक रस्त्यावर फेकतात. ते घरी आणा, बादलीत दोनदा भिजवून क्षार काढा, उन्हात वाळवा आणि कुंडीत दोन-तीन इंचांचा थर द्या, खोडापासून चार बोटं दूर. खसाच्या ताट्या असतील तर नशीबच. यातलं काहीच मिळालं नाही तर खेड्यातून सोयाबीनचं कुटार मागवा, एक पोतं गच्चीला पुरून उरतं. हनीकोंबच्या पुठ्ठ्यासारख्या ताट्या मात्र यासाठी नकोत.

दुसरी टाकी. लोखंडी पत्र्याच्या कूलरची टाकी कोपऱ्यात गंजून गळायला लागली की मेकॅनिक डांबर लावून देतो, पुढच्या वर्षी पुन्हा गळते. त्यापेक्षा तिच्यात भाजी लावा. खिळ्यानं तळाला पंधरा-वीस भोकं पाडा, आत ओला बारदाना अंथरा, वर सांगितलेली माती भरा. दोन फूट बाय दोन फूट, नऊ इंच खोल टाकी ओल्या मातीनं भरली की वजन शंभर किलोच्या वर जातं, म्हणून ती गच्चीच्या मधोमध नको, भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा. चाकांचा स्टँड उरला असेल तर माती भरण्याआधीच त्यावर चढवा. पत्रा तापतो, त्यामुळे हा वाफा जुलै ते फेब्रुवारीचाच. जुलैत चवळी भाजी आणि अंबाडी, ऑक्टोबरात पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर). सांबारासाठी धणे हलक्या हातानं रगडून दोन फोडी करा आणि रात्रभर भिजवा. मे महिन्यात हेच धणे पेरले तर उगवतच नाहीत, उगवले तर बोटभर होऊन फुलावर येतात.

तिसरा पंप. कूलरचा छोटा पंप पाणी साधारण पाच फुटांपर्यंत चढवतो, याहून जास्त अपेक्षा नको. त्याला कूलरमधलाच भोकांचा पाइप, म्हणजे ताट्यांवर पाणी सोडणारा, जोडा आणि तो कुंड्यांच्या रांगेवर आडवा बांधा. खाली झाकणाची बादली, त्यात पंप. पहाटे दहा मिनिटं चालवला की रांग भिजते. पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला तर जळतो. टायमर लावता येतो, पण बादली भरलेली आहे हे पाहिल्याशिवाय नाही. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: बादलीत हात घालायच्या आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात माणसं जातात. ओल्या गच्चीवर अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हा उद्योग करूच नका, सुगडी पुरा आणि शांत राहा.

कोणतं झाड, केव्हा

मोगरा नागपूरच्या उन्हावरच जगतो. जानेवारीच्या शेवटी छाटा, पानं काढा, थोडे दिवस पाणी तोडा, मग शेणखत देऊन भरपूर पाणी. एप्रिलमध्ये कळ्या वेचायला वेळ पुरत नाही. सदाफुली, बोगनवेल, कोरफड, गोडलिंब (कढीपत्ता) यांना जाळीही लागत नाही. गुलाब आणि जास्वंदाला दुपारची सावली द्या. काकडी, दोडका, कारलं, भेंडी हे सगळं मृगाचा पाऊस नीट पडल्यावर. वेलांच्या आधारासाठी तुराट्या बऱ्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, फुकट मिळतात, पण त्यांच्यातून पिठ्या ढेकूण येतो आणि तो पहिला जास्वंदावर बसतो.

संत्र्याचं बी कुंडीत लावणारे पुष्कळ आहेत. बियाचं झाड फळावर यायला बरीच वर्षं घेतं आणि तोवर काटेच काढतं. शेतकरी जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं लावतात, तीच घ्यावी. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची रोगमुक्त कलमं असतात. तरी गच्चीवर माझं मत कागदी लिंबाला आहे. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर नीट पाहा, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवी होते आणि एक लहान झाड भराभर फस्त करते. हातानं वेचली तरी पुरते.

मावा आणि पिठ्या ढेकणाला निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हा गोळा करा, गर धुऊन काढा आणि बिया सावलीत वाळवून सुती पिशवीत ठेवा. लागतील तेव्हा ५० ग्रॅम बिया कुटून फडक्यात बांधा, एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि फवारा संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा असर लवकर जातो. तयार अर्क त्याच दिवशी संपवा. वर्ष झालेल्या बिया वापरू नका, त्यांच्यात दम राहत नाही. पुढच्या जूनमध्ये नव्या मिळतातच.