हळदी-कुंकू बदक कसं ओळखायचं?

हळदी-कुंकू बदक शोधताना बहुतेक जण आधी कुंकू बघतात आणि तिथेच गडबड होते. चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेला हा लाल-नारिंगी ठिपका लहान असतो. मादीत तो आणखी बारीक, पिल्लांत तर नसतोच. लांबून तो दुर्बिणीतही सहज हुकतो. म्हणून सुरुवात हळदीपासून करा: काळी चोच आणि पिवळंधमक टोक. चिखलात खात असेल तर टोक माखलेलं असतं, चोच धुतली जाईपर्यंत थांबा.

चोच दिसत नसेल तर पाठीकडे या. मिटलेल्या पंखाच्या मागच्या भागात ठळक पांढरा पट्टा असतो. आमच्या मते दूरच्या बदकासाठी हीच सगळ्यात भरवशाची खूण. अंगावरची पिसं मधे गडद, कडेला फिकट, त्यामुळे खवल्यांसारखी नक्षी दिसते. डोकं फिकट, डोळ्यातून गेलेली काळी रेघ, पाय लाल-नारिंगी. उडालं की पंखावर हिरवा चमकता पट्टा आणि त्याला पांढरी किनार. लांबी साधारण 60 सेंमी. नर-मादी जवळपास सारखेच.

ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. समोरून ऊन आलं की सगळीच बदकं काळी दिसतात. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

खरी फसगत हिवाळ्यात होते, कारण पाहुण्या बदकांच्या माद्याही तपकिरीच. थापट्याची चोच पळीसारखी रुंद असते. तलवार बदकाच्या मादीची मान लांब, चोच राखाडी. गडवाल मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी, पंखावर पांढरा चौकोन. नवख्यांनी मे-जूनमध्ये सराव करावा: पाहुणे गेलेले असतात, हे मात्र इथलंच, बारमाही.

पाकिस्तान, नेपाळपासून बांगलादेश, म्यानमारपर्यंत आणि भारतात बहुतेक ठिकाणी हे बदक आहे. पावसाप्रमाणे ते तळी बदलतं, त्यामुळे आटलेल्या तळ्यावर दिसलं नाही म्हणून ते भाग सोडून गेलं असं समजू नका. आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीला उथळ, गवताळ काठ धुंडाळा. खोल पाण्याच्या मध्यावर शोधण्यात वेळ जातो, कारण हे बुडी मारणारं बदक नाही. डोकं पाण्यात, शेपटी वर अशा पवित्र्यात ते उथळ पाण्यातल्या वनस्पती खातं.

ईशान्य भारतात जरा जपून. तिकडच्या काहींना लाल ठिपका नसतो. पूर्व आशियातली भाऊबंद जातही बिनठिपक्याचीच, पण तिच्या गालावर आणखी एक गडद रेघ आणि पंखावर निळा पट्टा असतो. फोटो काढताना गाल आणि उघडा पंख दोन्ही टिपा.