धुतलेली गाडी पुसण्याआधीची तयारी

शेवटचं पाणी मारलं की घड्याळ सुरू होतं. थेंब पत्र्यावर सुकायला लागतात आणि तेवढ्यात टॉवेल कुठे ठेवला, बाटली कुठे गेली याची शोधाशोध झाली, की हाताला लागेल त्या फडक्याने घाईघाईत पुसणं ठरलेलंच. म्हणून ही यादी नळ शेवटचा सोडण्याआधी वाचायची आहे.

पाण्याने रंगाला चरे पडत नाहीत. चरे पाडतो तो फडका आणि रंग यांच्यामध्ये सापडलेला वाळूचा कण. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल चरे याच थरावर असतात आणि पॉलिश करून ते काढायचे म्हणजे हाच थर आणखी झिजवायचा. तेव्हा सगळी तयारी दोनच गोष्टींसाठी: रंगावर कण उरू नयेत, आणि फडका जितका कमी फिरेल तितका कमी फिरावा.

सगळ्यात आधी गाडी खरोखर स्वच्छ झाली आहे का ते बघा. दारांचा खालचा तिसरा हिस्सा, चाकांच्या मागची बाजू, मागचा बंपर आणि नंबर प्लेटच्या आसपासचा भाग इथे मळ हमखास राहतो. टॉर्च तिरपा धरून ओल्या पत्र्यावरून प्रकाश फिरवला की राखाडी पातळ थर लगेच दिसतो. दिसला तर तेवढा भाग शाम्पूने पुन्हा धुवा. ‘राहिलेलं पुसताना निघेल’ हा विचार सगळ्यात महागात पडतो, कारण पुसताना तिथे शाम्पूची बुळबुळ नसते आणि मळ टॉवेलसोबत सगळ्या गाडीभर फिरतो. बोट फिरवून तपासू नका, बोटाखालीही कणच घासला जातो.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा. ऊब जाणवली तर ती जाईपर्यंत थांबा, आणि हे धुण्याच्याही आधी. गरम पत्र्यावर पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या वर्तुळांच्या रूपाने मागे राहतात. पाणी जड असेल तर धोका जास्त. वारा सुटला असेल तर आडोसा शोधा, कारण तो थेंबही भराभर सुकवतो आणि ओल्या गाडीवर धूळही आणून बसवतो.

आता टॉवेल. इथे काटकसर करू नये. मुख्य कामाला पिळदार धाग्यांचा मायक्रोफायबर टॉवेल घ्या, साधारण 50 बाय 80 सेंटिमीटरचा, 500 जीएसएम किंवा त्याहून जाड. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जितकं जास्त तितकं पाणी जास्त पितो. छोट्या गाडीला असा एक पुरतो, पण दुसरा जवळ असू द्या. मोठ्या गाडीला दोन लागतातच. मागे राहिलेल्या ओलाव्यासाठी 40 बाय 40 चे दोन छोटे टॉवेल. दारांच्या चौकटी, उंबरा आणि चाकं यांच्यासाठी वेगळ्या रंगाचे जुने टॉवेल ठेवा. रंग वेगळा हवाच, कारण चाकाच्या टॉवेलमध्ये ब्रेकची धातूची भुकटी अडकलेली असते आणि धुतल्यावर तो बाकीच्यांसारखाच दिसतो.

नवा टॉवेल आधी एकदा धुवा. सुटे धागे निघतात आणि तो पाणीही नीट प्यायला लागतो. कंपनीचं लेबल मुळाशी कापून टाका, त्याची कडक कड रंगावर ओरखडते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याचा थर तंतूंवर बसला की टॉवेल पाणी टिपण्याऐवजी नुसता फासतो. सुती कपड्यांसोबतही टाकू नका, त्यांचे सुटे बारीक तंतू मायक्रोफायबर पकडून ठेवतो. पाणी 40 अंशांच्या वर नको आणि इस्त्री तर नाहीच. उष्णतेने तंतूंची टोकं वितळून कडक होतात. ते दिसत नाही, पण हाताला टॉवेल खरखरीत लागतो, आणि असा टॉवेल चाकांच्या ढिगात गेला पाहिजे. सुकलेले टॉवेल झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवा.

काय वापरायचं नाही तेही सांगायला हवं. जुना टी-शर्ट नको, त्याच्या शिवणी कडक असतात. अंघोळीचा टॉवेलही नको. शॅमॉय, म्हणजे गाडी पुसायचं मऊ चामडं, पाणी छान ओढतं, पण त्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कणाला आत शिरायला जागाच नसते; तो रंगावर घासला जातो. सिलिकॉनची पट्टी काचेवर ठीक. रंगावर तिच्या कडेला एक कण अडकला तरी वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली जाते.

स्वतःकडेही एकदा बघा. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, खिशातली किल्ली. टपाच्या मध्यापर्यंत हात पोचवताना पोट दाराला टेकतं, आणि बक्कलाचा चरा फडक्याच्या चऱ्यापेक्षा कितीतरी खोल असतो.

हाताशी एक स्प्रे बाटली असू द्या. क्विक डिटेलर (धुतलेल्या रंगावर मारायचा चकाकीचा स्प्रे) किंवा सुकवताना मारायचं कुठलंही ड्राइंग एड चालेल, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात. एका दाराला दोन-तीन फवारे पुरे, त्याने टॉवेल सरकतो. जास्त मारलं तर पट्टे उमटतात. मॅट रंगावर मात्र वॅक्स किंवा चकाकी देणारं काही नको. मॅटसाठी असलेलंच घ्या.

मग शेवटचं पाणी. पाइपाच्या तोंडाचा नोझल काढून टाका, धार मंद करा आणि पाइप पत्र्यापासून पाचएक सेंटिमीटरवर धरून टपापासून सावकाश खाली आणा. फवाऱ्याने थेंब उडतात आणि जागोजागी बसतात. सलग वाहणारं पाणी थेंबांना आपल्यासोबत ओढून नेतं. वॅक्स किंवा कोटिंग असलेल्या गाडीवरून अर्ध्याहून अधिक पाणी असंच निघून जातं. रंग उघडा असेल तर पाणी चिकटून राहतं, तेव्हा जास्तीचा टॉवेल काढून ठेवा.

ब्लोअर असेल तर उत्तमच, कारण तो रंगाला शिवतही नाही. आधी त्याची जाळी साफ आहे का बघा. तोंड 20 ते 30 सेंटिमीटर लांब धरा आणि टपापासून सुरुवात करून पाणी एकाच दिशेने ढकला. खरा फायदा फटींमध्ये होतो: आरसे, हँडल, ग्रिल, दिव्यांच्या कडा, इंधनाचं झाकण, अक्षरं, काचेच्या पट्ट्या. जमिनीकडे झोत जाऊ देऊ नका, धूळ उडून ओल्या गाडीवर बसते. हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावायचा मोह होतो, पण साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि ओलावा येऊ शकतो. आणि ‘एक चक्कर मारून आणू, वाऱ्याने सुकेल’ हे तर विसराच. ओला रंग रस्त्याची धूळ आनंदाने धरून ठेवतो.

पुसायला लागण्याआधी टॉवेल किंचित ओलसर करून घट्ट पिळून घ्या; अगदी कोरडा मायक्रोफायबर सुरुवातीला पाणी ढकलतो. टप, बॉनेट, डिकी अशा आडव्या भागांवर तो पूर्ण पसरा, दोन-तीन सेकंद थांबा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढा. वरून तळहाताचा दाब नको, टॉवेलचं वजन पुरतं. दारांवर ओढण्यापेक्षा थापटत टिपणं बरं. हात फिरवावाच लागला तर सरळ रेषेत, गोल गोल नाही. सरळ चरा प्रकाशाच्या एकाच कोनातून उठून दिसतो, गोल चरा कुठूनही. खिडक्यांमधल्या काळ्या चकचकीत खांबांचं प्लास्टिक फार मऊ असतं, तिथे फक्त टिपायचं. वरून खाली या आणि उंबऱ्याच्या पट्टीला पोचल्यावर टॉवेल बदला. टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून वापरू नका. तो धुवायच्या ढिगात.

गाडी कोरडी दिसली तरी आरशांतून आणि हँडलमधून पाणी पाझरत राहतं. दारं, डिकी, इंधनाचं झाकण उघडा, चौकटी जुन्या टॉवेलने पुसा, दहा मिनिटांनी छोटा टॉवेल घेऊन फेरी मारा. मग गाडी जागच्या जागी हळू मागेपुढे करत चार-पाच वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्कवरचं पाणी निघेल. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी ठेवली तर पॅड डिस्कला चिकटू शकतात. जमीन सपाट असेल तर गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.