जळून गेलेल्या शनिवारवाड्याचे ठसाचित्र कसे करावे

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले लाकडी महाल जळून गेले. फोटो काढण्याची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणजे आगीच्या आधीच्या वाड्याचा एकही फोटो असणे शक्य नाही, कुणी कितीही खात्रीने पाठवला तरी. तो वाडा घरच्या भिंतीवर हवा असेल, तर तो कुणीतरी हाताने चितारायला हवा. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ, कापता येणाऱ्या तक्त्यावर, कोरून काढलेले ठसाचित्र त्यासाठी उत्तम. साहित्य थोडे लागते आणि एका ठशावरून नातेवाइकांना देण्याइतक्या प्रती निघतात.

एक नियम मात्र आधीच ठरवून घ्या: जे नक्की माहीत आहे ते गडद, जे अंदाजाने भरले ते फिकट. त्यासाठी दोन ठसे करायचे. मेहनत दुप्पट होते, पण गेलेल्या वास्तूचे चित्र बघणाऱ्याला फसवणारे नसावे, एवढे तर आपण तिचे देणे लागतोच.

आधी पुरावा गोळा करा

सकाळी लवकर, गर्दी नसताना वाड्यात जा. दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना, बुरूज आणि तटबंदी उभी आहे. आत महालांची जोती आहेत आणि हजारी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे कमळ आहे. जोत्यांची लांबी-रुंदी पावलांनी मोजून वहीत नकाशा काढा. नगारखान्याचे लाकूडकाम सावकाश पाहा. खांब कुठे जाड होतो, कुठे निमुळता होतो, महिरप खांबाला नेमकी कुठे टेकते, हे पेन्सिलने उतरवून घ्या. मोबाइलचा फोटो जरूर काढा, पण डोळा तयार होतो तो चितारतानाच.

मग वाड्याची भावंडे पाहा. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आणि नाना फडणविसांचा नानावाडा दोन्ही पुण्यातच आहेत. सुरूच्या घाटाचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि त्यांमधल्या महिरपी तिथे हाताच्या अंतरावरून दिसतात. शनिवारवाड्याचे खांब हुबेहूब असेच होते असे म्हणता येणार नाही, पण पेशवाईतल्या सुतारांचा हात कसा चालायचा ते इथे कळते.

आतल्या दरबारासाठी थॉमस डॅनियलचे १८०५ मधले मोठे तैलचित्र पाहा. १७९० च्या तहासाठी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला, तो प्रसंग त्यात आहे. चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. डॅनियलने ते जेम्स वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून रंगवले. वेल्स पुण्यात राहून काम केलेला चित्रकार, पण तो १७९५ मध्येच वारला. त्यामुळे मी या चित्रातले खांब, बैठक आणि पोशाख यांवर भरवसा ठेवतो, महालाच्या उंचीवर आणि खोलीवर नाही. महालांचे वरचे मजले, छपरे आणि सर्वांत वरची मेघडंबरी फिकट ठशातच जायला हवी.

आजच्या एखाद्या चित्रकाराचे कल्पनाचित्र समोर ठेवून नक्कल करू नका. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चित्राचे हक्क त्याच्या वारसांकडे असतात. शिवाय त्याने केलेला अंदाज तुमच्या चित्रात पुरावा म्हणून शिरतो.

रेखाटन आणि कोरीव काम

पहिल्या वेळी १५ बाय २० सेंटीमीटरपेक्षा मोठे चित्र घेऊ नका. दिल्ली दरवाजा खाली आणि त्यामागे डोकावणारे महाल, एवढी मांडणी पुरे. ट्रेसिंग पेपरवर पूर्ण चित्र काढा. कागद उलटा करून तेच चित्र एकाच मापाच्या दोन लिनोंवर उतरवा. उलटे केले नाही तर छापात डावे-उजवे बदलेल. एका लिनोवर गडद भाग ठेवायचा, दुसऱ्यावर फिकट.

लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. बारीक रेघांना व्ही आकाराची कोरणी, मोकळी जागा काढायला यू आकाराची. जे कोराल ते पांढरे राहील, जे ठेवाल ते छापले जाईल. धरणारा हात कायम कोरणीच्या मागे असू द्या. दगडी तटाला तुटक, आडवे घाव छान दिसतात. नगारखान्याच्या लाकडाला लांब उभ्या रेघा द्या. दरवाज्याचे खिळे शेवटी करा: प्रत्येक खिळ्याभोवती कोरणीचा छोटा अर्धगोल फिरवला की पुरे.

छपाई

काचेवर शाई घेऊन रोलर फिरवा. थर पातळ हवा. बारीक चरचर आवाज येऊ लागला की शाई तयार. जाड थर दिला तर बारीक रेघा बुजतात. हातकागद वापरायचा असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो, मात्र गुळगुळीत आणि पातळसर निवडा. खडबडीत कागदावर हाताने छाप नीट उठत नाही.

पुठ्ठ्याचा काटकोन पाटावर चिकटवा आणि ठसा व कागद दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवा, म्हणजे दोन्ही छाप जुळतील. आधी फिकट ठसा, पांढऱ्यात थोडा गेरूचा रंग मिसळून. कागद ठेवून पळीच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा, छाप कमी असेल तर तिथेच पुन्हा घासा. तो वाळल्यावर काळा. तेलाची शाई पूर्ण वाळायला काही दिवस लागतात आणि पावसाळ्यात जास्तच. प्रती एकमेकांवर ठेवू नका, दोरीवर चिमट्यांनी टांगा.

छापाखाली पेन्सिलने डावीकडे प्रतीचा क्रमांक लिहा, २० पैकी तिसरी असेल तर ३/२०. उजवीकडे सही. मधे नाव आणि त्याखाली एक ओळ: ‘फिकट भाग अंदाजाने’. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मधे आम्लरहित माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाला. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका, बुरशी आधी हातकागदालाच लागते.